काच कुठली, कुठे आणि कशासाठी? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं रोजचं काम काचेचं आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं, म्हणजे खिडक्यादारांच्या चौकटींचं. गिऱ्हाईक येतं, "काच टाकायचीय, रेट सांगा" म्हणतं, आणि कुठे टाकायची, घरात लहान मुलं आहेत का, ऊन कुठून येतं असं विचारलं की वैतागतं. पण शहरात आता आपण दिवसभर काचेच्याच मागेपुढे असतो आणि निवडताना बघतो फक्त ती दिसते कशी, तिच्या अलीकडच्या पलीकडच्या माणसांचं काय होतं ते कोणी बघत नाही, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी विचारलेलेच आहेत, काही दुकानात, काही सोसायटीच्या मीटिंगमध्ये. क्रमाने वाचायची गरज नाही.

काच खरंच वाळूपासून बनते का?

हो. खिडकीच्या साध्या काचेत साधारण ७० ते ७४ टक्के सिलिका असते, म्हणजे शुद्ध वाळू, आणि बाकी मुख्यतः सोडा अ‍ॅश आणि चुनखडी. नुसती वाळू वितळवायची तर १७०० डिग्रीच्या वर जावं लागतं, सोडा घातला की ते तापमान खाली येतं, पण वाळू आणि सोडा एवढंच असेल तर ती काच पाण्यात विरघळते म्हणून चुना लागतो. गोदावरीची वाळू चालेल का असं एकाने विचारलेलं, तर नाही चालत, आपल्याकडची वाळू काळ्या बेसॉल्टची, त्यात लोह भरपूर.

लोहाचंच आणखी एक सांगतो. साध्या काचेची कड बघा, हिरवट दिसते, ते त्या वाळूतल्या थोड्याशा लोहामुळे. पूर्ण पांढरी, म्हणजे बिनरंगी पारदर्शक हवी असेल तर लो आयर्न (कमी लोहाची) काच मागायची, शोकेसला छान दिसते पण महाग पडते.

इतकी सपाट कशी काय बनवतात?

वितळलेलं कथील असतं त्याच्यावर वितळलेली काच सोडतात आणि दुधावर साय धरावी तशी ती पसरते, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, घासायची गरजच नाही. साधारण १००० डिग्रीला ती कथलावर येते आणि ६०० च्या आसपास बाहेर निघते, मग हळूहळू थंड करतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ही फ्लोट पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. त्याआधी मोठी सपाट काच म्हणजे दोन्ही बाजू घासून पॉलिश करायचं प्रचंड काम, म्हणून ती श्रीमंतांची वस्तू होती. आज कॉलेज रोडला एखाद्या दुकानाचं अख्खं तोंड काचेचं असतं ते या एका शोधामुळे परवडतं.

जुन्या इमारतींच्या काचा खाली जाड असतात, म्हणजे काच हळूहळू वाहते ना?

नाही. जुन्या पद्धतीत काच सगळीकडे सारख्या जाडीची बनतच नव्हती आणि बसवणारे बहुतेक वेळा जाड कड खाली ठेवायचे. तुमच्या खिडकीची काच तुमच्या नातवंडांपर्यंत तशीच राहील.

पंचवटीतल्या, रविवार कारंज्याकडच्या जुन्या वाड्यांत काच इतकी कमी का दिसते?

कारण गरजच नव्हती आणि मिळतही नव्हती. वाड्यात उजेड यायचा चौकातून, आणि खिडकीला लाकडी झडपा, आत गज. झडप उघडली की वारा आणि उजेड दोन्ही, लावली की दोन्ही बंद. सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचं लाकूडकाम बघा, उन्हाला अडवायचं आणि वाऱ्याला येऊ द्यायचं हा विचार त्यात आहे आणि त्यात काचेला काही काम नाही. काच असायची ती हंड्या झुंबरांची नाहीतर दरवाजावरच्या कमानीतले लाल निळे तुकडे, आणि तेही पैसेवाल्याकडे.

सामान्य घरात काच आली ती बांगडीतून, देवाच्या फोटोच्या फ्रेममधून आणि कंदिलाच्या चिमणीतून. हे सगळं बाहेरून यायचं, ते इथे बनावं म्हणून आपल्या लोकांनी जी धडपड केली ती मला फार मोठी वाटते. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला, टिळकांचा त्याला पाठिंबा होता. मग ओगले बंधूंचा कारखाना, तोच पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीला आणि तिथला प्रभाकर कंदील तर घराघरात. लाईट नसताना कित्येक मुलं त्या चिमणीच्या उजेडात शिकली. काचेचा कारखाना म्हणजे स्वदेशीचं काम होतं हे आज कोणाच्या लक्षातही नसतं.

मग आता जिकडे तिकडे काचेच्या बिल्डिंगा कशाला?

सुरुवात खूप जुनी आहे. लंडनला १८५१ मध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, लोखंड आणि काच, आणि जगाने पहिल्यांदा पाहिलं की इतकी मोठी वास्तू भिंतींशिवाय होऊ शकते. पुढे लिफ्ट, स्टील, एसी आले आणि इमारतीचा भार खांबांवर गेला, मग बाहेर भिंत कशाला, पडद्यासारखी काच टांगा. हे थंड देशांत ठीक होतं कारण तिथे लोकांना ऊन हवंच असतं.

आपल्याकडे ते आलं ते प्रतिष्ठा म्हणून. गंगापूर रोड किंवा मुंबई नाक्याकडे एखादी कमर्शियल बिल्डिंग बांधायची तर पुढे निळी काच पाहिजेच, नाहीतर भाडेकरू म्हणतो ऑफिससारखं वाटत नाही. काचेच्या आतला धंदा मोठा, स्वच्छ आणि नवीन असं आपण सगळ्यांनीच डोक्यात धरलंय. मी स्वतः ती काच बसवतो आणि तरी सांगतो, पश्चिमेला तोंड असलेल्या बिल्डिंगला वरपासून खालपर्यंत फिक्स, न उघडणारी काच म्हणजे आत बसणाऱ्यांवर अन्याय आहे.

पण काचेमुळे दुकान उघडं, मोकळं वाटतं की?

वाटतं आणि अर्ध खरंही आहे. बाहेरून माल दिसतो, आतली माणसं दिसतात, रात्री रस्त्यावर उजेड पडतो आणि एकटी बाई चालत असेल तर तिला त्या उजेडाचा आधार असतो, हे काचेचे उपकारच आहेत. पण काच दाखवते आणि अडवतेसुद्धा. मेन रोडला जुन्या कापड दुकानात गादीवर बसायचं, दुकानदार पुढ्यात दहा साड्या पसरणार, आपण बोटात पदर धरून पोत बघणार. काचेच्या दुकानात साडी पुतळ्याच्या अंगावर, पुतळा काचेच्या आत. खेड्यातून आलेली मंडळी त्या दाराशी घुटमळतात ते मी खूप वेळा पाहिलंय, दार ढकलायचं का ओढायचं, चप्पल काढायची का, आतला मुलगा काय म्हणेल, आणि मग सरळ पुढच्या उघड्या दुकानात जातात. म्हणून दुकानदार येतो तेव्हा मी एकच सुचवतो, समोरची काच लावा हवी तेवढी पण निदान दाराची बाजू दिवसा उघडी ठेवता येईल अशी करा आणि दारावर "या, दार आत ढकला" असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा.

बँकेच्या, दवाखान्याच्या काउंटरचं पण तेच. काचेला बोलायचं भोक बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर पाडतात, उभ्या माणसाच्या नाही. म्हाताऱ्या माणसाला वाकून, ओरडून बोलावं लागतं. भोक थोडं वर, थोडं मोठं पाडायला एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त काच टफन (भट्टीत तापवून मजबूत) करायच्या आधी ठरवावं लागतं.

नाशिकच्या उन्हात काच लावावी का नाही?

लावावी, पण दिशा बघून. उन्हाची किरणं काचेतून आत येतात, आतली फरशी, सोफा, भिंत तापते आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काच सहजी बाहेर सोडत नाही. बंद कार उन्हात उभी केली की हेच होतं.

उत्तरेला बिनधास्त मोठी काच लावा, तिथला उजेड सौम्य असतो. दक्षिणेला दोन अडीच फुटाचा छज्जा असेल तर उन्हाळ्यात डोक्यावरचं ऊन अडतं आणि थंडीत तिरपं ऊन आत येतं, आणि आपल्या नाशिकच्या थंडीत ते हवंहवंसं असतं. खरा त्रास पश्चिमेचा. एप्रिलमध्ये दुपारी तीन ते सहा ऊन आडवं येतं, छज्जा काही करू शकत नाही, तिथे बाहेरून काहीतरी पाहिजे, चिक, जाळी, वेल, झाड. बाहेरून म्हणतोय हे लक्षात घ्या, आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते.

दुसरं म्हणजे नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर आहे, इथली रात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार होते. ही फुकटची एसी आहे! खिडक्या उघडल्या की घर पहाटेपर्यंत निवतं. फिक्स काच लावलीत की ती सोय गेली आणि दिवसाची उष्णता रात्रीही एसीनेच काढा. स्लायडिंगमध्ये पण अर्धीच खिडकी उघडते, म्हणून बेडरूमला बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी घ्या, जाळीचा खर्च वाढला तरी चालेल.

दुकानदार एसएचजीसी, यू व्हॅल्यू, डीजीयू असं काय काय म्हणतो, ते काय?

एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. साध्या पांढऱ्या ६ एमएम काचेचा आकडा ०.८ च्या आसपास, म्हणजे जवळपास सगळीच येते, चांगल्या सोलर कंट्रोल काचेचा ०.३ किंवा कमी मिळतो. यू व्हॅल्यू म्हणजे आतल्या बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते, एकेरी काचेला ५.७ च्या आसपास, आणि डीजीयू म्हणजे मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच, तिला साधारण २.८. आपल्याकडे एसएचजीसी जास्त महत्त्वाचा कारण आपली लढाई उन्हाशी आहे. घरासाठी डीजीयू घ्यायची ती मुख्यतः आवाजासाठी, द्वारका सर्कलला किंवा हायवेलगत फ्लॅट असेल तर खरंच फरक पडतो, पण फ्रेमच्या फटी नीट बंद केल्या असतील तरच. फटीतून आवाज येत असेल तर काचेवरचे पैसे गेले.

मोठ्या कमर्शियल बिल्डिंगांसाठी केंद्राने ईसीबीसी नावाची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आणली, २०१७ ला सुधारली, आणि २०२४ मध्ये तिची ईसीएसबीसी झाली, त्यात काचेचे हे आकडे येतात. आर्किटेक्टला विचारा, लाजू नका.

समोरच्या बिल्डिंगच्या काचेमुळे आमच्या घरात चमक येते, हे खरंच होतं का आमचा भास?

खरंच होतं. लंडनमध्ये २० फेन्चर्च स्ट्रीट नावाची आत वळलेली काचेची इमारत आहे, २०१३ मध्ये तिच्यावरून परतलेल्या उन्हाने खाली उभ्या गाडीचे भाग वितळले होते. सपाट काचेने इतकं होत नाही पण डोळ्यांना आणि गाडी चालवणाऱ्याला त्रास होतोच. सोसायटीने बिल्डरकडे लेखी तक्रार करावी, कमी रिफ्लेक्शनची काच किंवा बाहेरून पट्ट्या बसवणं हे उपाय आहेत.

साधी, टफन, लॅमिनेटेड, कुठे कुठली?

या पानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, बाकी काही नाही वाचलं तरी हे वाचा.

साधी काच फुटली की लांब, टोकदार, सुरीसारखे तुकडे होतात. टफन म्हणजे तीच काच साधारण ६२० ते ६५० डिग्रीला तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला दाबून धरतो, त्यामुळे ती चार पाच पट मजबूत होते आणि फुटली तर छोटे बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक थर. ती फुटते पण पडत नाही, तुकडे थराला चिकटून राहतात.

तर माणूस जिथे आपटू शकतो तिथे साधी काच नको. बाथरूमचं पार्टिशन टफन, ८ किंवा १० एमएम. दुकानाचं दार टफन, १२ एमएम. जमिनीपर्यंत आलेली खिडकी, जिन्यालगतची काच, डायनिंग टेबल, सगळं टफन. आणि जिथून काच किंवा माणूस खाली पडू शकतो तिथे लॅमिनेटेड, म्हणजे बाल्कनीची रेलिंग, डोक्यावरचं स्कायलाईट, काचेची पायरी. रेलिंगला नुसती टफन लावतात स्वस्त पडते म्हणून, मला ते अजिबात पटत नाही, कारण ती फुटली की एका सेकंदात रेलिंगच नाहीशी होते आणि दाणे खालच्या मजल्यावर. टफन केलेल्या दोन काचा लॅमिनेट करून मिळतात, पैसे जास्त जातात पण रेलिंगला तीच लावा, मुलं त्याला टेकून उभी राहतात.

वजनाचा हिशोब सोपा आहे, एक एमएम जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे १२ एमएमचं तीन बाय सात फुटाचं दार जवळपास ५८ किलो. म्हणूनच त्याला फ्लोअर स्प्रिंग (जमिनीत बसवलेली, दार हळू बंद करणारी) लागते आणि ती तेल सोडायला लागली की लगेच बदला, दार सटासट आपटायला लागलं तर लहान मुलाची बोटं जातात.

टफन आहे हे ओळखायचं कसं? दुकानदार सांगेल तेच खरं धरायचं का?

कोपऱ्यात बघा. नखाएवढा धुरकट शिक्का असतो, पुसला तरी जात नाही, त्यात कंपनीचं नाव आणि आयएस २५५३ असा नंबर, तो आपल्याकडचा सेफ्टी ग्लासचा स्टँडर्ड. बसवायच्या आधी बघा कारण काही फिटर शिक्क्याची बाजू सेक्शनच्या आत घालतात. दुसरी खूण, पोलराइज्ड गॉगल लावा आणि सकाळी संध्याकाळी तिरपं बघा, टफन काचेवर ओळीने फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात. जिथे हवेचा झोत लागला तिथला ताण तसा दिसतो. कोणाच्याही कारच्या मागच्या काचेत बघून या, लगेच कळेल. साध्या काचेत काहीच दिसत नाही.

माप चुकलं तर टफन काच कापून देता का?

नाही देता येत, कोणीच देऊ शकत नाही. साधी काच कापताना कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि पट्टीला लावून एकाच हाताने एकदाच ओढायचं, बारीक किर्रर आवाज शेवटपर्यंत एकसारखा आला पाहिजे, मग ती पांढरी रेघ टेबलाच्या कडेवर आणून थोडा दाब दिला की टक्कन सरळ सुटते. रेघेवर दुसऱ्यांदा कटर फिरवला की कड खराब. टफनवर हे केलं तर पूर्ण काच दाणे होऊन खाली येते. म्हणून भोकं, खाचा, एज पॉलिश सगळं आधी आणि भट्टी शेवटी. माप तीन ठिकाणी घ्या, वर मध्ये खाली, आणि सगळ्यात कमी असेल ते धरा, आपल्याकडे भिंती क्वचितच काटकोनात असतात.

आमच्या सोसायटीत रात्री दोन वाजता टफन काच आपोआप फुटली. हात नाही लावला कोणी. बाहेरचं काही असेल का?

बाहेरचं काही नाही, घाबरू नका. बनवताना काचेत कधी कधी निकेल सल्फाइडचा अगदी सूक्ष्म कण राहतो, तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो आणि एक दिवस आतला ताण सुटतो. दुसरं कारण कडेला बसवताना बसलेला छोटा टवका, किंवा धातूला काच थेट टेकणं, मध्ये रबर नसणं. मोठ्या कामात हीट सोक टेस्ट केलेली काच मागा, त्यात काच साधारण २९० डिग्रीला ठेवतात म्हणजे सदोष काच कारखान्यातच फुटते. घरी आवाज झाला की आधी चप्पल घाला, मग दिवा लावा.

रिफ्लेक्टिव्ह फिल्म लावली की बाहेरून काही दिसत नाही ना?

दिवसा नाही दिसत. रात्री आत दिवा लावला आणि बाहेर अंधार असला की उलटं होतं, तुम्हाला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला तुमचं सगळं दिसतं. जिकडे उजेड जास्त तिकडून आरसा, इतकंच ते गणित. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींना हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय, रात्री पडदा लागतोच. बाथरूमला दाणेदार काच घ्या, खडबडीत बाजू आतून ठेवली की धूळ कमी धरते, पण फ्रॉस्टेड काच ओली झाली की बरीच पारदर्शक होते, तिची घासलेली बाजू कोरडी राहील अशी बसवा.

आणि साध्या काचेला आतून गडद फिल्म लावताना विचार करा, काच मध्यभागी जास्त तापते, कडा सेक्शनमध्ये थंड राहतात आणि भर उन्हात तडा जातो.

कारच्या काचेला काळी फिल्म?

नको. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये बंदी घातली. नियमात पुढची आणि मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के उजेड जाऊ देणाऱ्या पाहिजेत. समोरची काच लॅमिनेटेड असते, बाजूच्या बहुतेक गाड्यांत टफन, म्हणून गाडी पाण्यात किंवा आगीत अडकली तर समोरची फोडत बसू नका, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारा. मध्यावर मारून उपयोग नाही. छोटा हातोडा हाताशी ठेवा, डिकीत नाही.

खिडकीतून कोवळं ऊन घेतलं तर व्हिटॅमिन डी मिळतं का? आईला बाहेर नेता येत नाही.

काच बंद असेल तर जवळजवळ नाही, कारण ज्या यूव्हीबी किरणांनी ते बनतं ती साधी काच अडवते. यूव्हीए मात्र आत येतात, त्याने पडद्यांचा रंग उडतो. काच सरकवा आणि आईंना उघड्या खिडकीत बसवा.

काचेला पक्षी आपटतात, काय करावं?

काचेत आकाश आणि झाड दिसतं, पक्ष्याला ते खरं वाटतं. आरशात साळुंकी चोच मारते ते वेगळं, तिथे तिला दुसरा पक्षी दिसतो, पण वेगात आपटलेला पक्षी बऱ्याचदा मरतो. आपल्या जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं, थंडीत हजारो पक्षी येतात आणि गोदाकाठाने, गंगापूर धरणाकडे आता काचेचे बंगले आणि रिसॉर्ट होतायत. ससाण्याचा एक स्टिकर लावून काही होत नाही. बाहेरच्या बाजूने पूर्ण काचेवर दोन दोन इंचावर ठिपके पाहिजेत, आतून लावले तर प्रतिबिंब तसंच राहतं. बाहेरून साधी जाळी लावली तरी उत्तम.

मोबाईलची काच इतकी पातळ असून टिकते कशी?

तिला भट्टीत टफन न करता वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात, काचेतले छोटे सोडियमचे आयन निघतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे दाटीने बसतात, त्यामुळे पृष्ठभाग दाबलेला राहतो. आणि हे वाचताय ते इंटरनेट पण काचेतूनच आलंय, रस्ता खणून नारंगी पाईप टाकतात त्यात केसाएवढ्या काचेच्या तारा असतात. अशुद्धी काढली तर काचेतून प्रकाश लांबपर्यंत पाठवता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवलं, २००९ ला नोबेल मिळालं. शहराची सगळ्यात महत्त्वाची काच डोळ्याला दिसतच नाही.

काचेवरचे पांढरे डाग जातच नाहीत!

बोअरच्या पाण्याचे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, दहा मिनिटं ठेवा, मऊ कपड्याने पुसा. सिमेंटचं पाणी ओघळून वाळलेलं असेल तर त्याने काच खाल्लेली असते, ते डाग निघत नाहीत. म्हणून रंग प्लास्टर चालू असताना काच प्लास्टिकने झाका.

काचेच्या बंद ऑफिसात आग लागली तर?

धूर बाहेर जायला वाट नसते, आणि आगीत माणसं जळण्याआधी धुराने जातात. ऑफिस घेताना उघडणारे पॅनल कुठे आहेत आणि त्यांना कुलूप तर नाही ना हे बघा. जिन्याचं दार काचेचं असेल तर ती काच फायर रेटेड, म्हणजे आगीत ठराविक वेळ टिकणारी आहे का विचारा, टफन म्हणजे फायर रेटेड नाही.

फुटलेली काच कुठे टाकायची?

घंटागाडीत देताय तर तुमच्या पिशवीत हात घालणारा माणूस आहे हे आधी डोक्यात ठेवा. बहुतेकांकडे चांगले हातमोजे नसतात. तुकडे जाड वर्तमानपत्रात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहा आणि गाडी आली की हातात देऊन तोंडाने सांगा. ओल्या कचऱ्यात काच टाकणं हा मी गुन्हाच समजतो, गायी पण तेच खातात.

बाटल्या वेगळ्या ठेवा, भंगारवाला घेतो. काच पुन्हा पुन्हा वितळवता येते, दर्जा कमी होत नाही आणि भट्टीत जुनी काच घातली की इंधनही कमी लागतं. आपल्या जिल्ह्यात द्राक्षं, वायनरी, त्यामुळे बाटल्यांना तोटा नाही. वाइनची बाटली हिरवी किंवा तपकिरी असते ती उजेडाने चव बिघडू नये म्हणून, आणि रंग वेगवेगळे ठेवले तर पुन्हा बनवणाऱ्याला सोपं जातं. खिडकीची काच, आरसा, ट्यूबलाईट, ओव्हनमधलं भांडं मात्र बाटल्यांत मिसळू नका, त्यांचं मिश्रण वेगळं असतं, एका बोरोसिलच्या वाटीने अख्खा लॉट खराब होऊ शकतो. जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबमध्ये तर पारा असतो.

ऑर्डर देताना नेमकं काय बोलायचं?

जाडी एमएममध्ये, साधी का टफन का लॅमिनेटेड, शिक्का दिसेल असा पाहिजे, कडा पॉलिश, आणि बिलावर हे सगळं लिहून. नुसतं "काच, एवढे स्क्वेअर फूट" असं बिल घेऊ नका. लॅमिनेटेड असेल तर मधल्या थराची जाडी पण लिहून घ्या, १.५२ एमएम वगैरे. वाहतूक आणि वर चढवणं रेटमध्ये आहे का ते विचारा, लिफ्टमध्ये न मावणारी काच चार माणसं जिन्याने नेतात, त्यांना हातमोजे आणि सक्शन कप आहेत का तेही बघा, आणि ती वर चढत असताना जिन्यात मुलांना खेळू देऊ नका.